आकडे हिरवे, गाडी तरी डावीकडे

गाडी साधीच. पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर, पुढच्या चाकांवर चालणारी, इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअब्जॉर्बर एकत्र असलेला उभा दांडा), मागे टॉर्शन बीम (मागची दोन चाकं जोडणारा आडवा दांडा). मीटरवर बासष्ट हजारांच्या आसपास. मालक कागलच्या एका शाळेत शिक्षक, राहायला कोल्हापुरात. म्हणजे रोज राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून जाणं-येणं. तक्रार अशी, की स्टिअरिंग जरा सैल सोडलं की गाडी डावीकडे जाते आणि सतत उजवीकडे धरून ठेवून सरांचा खांदा भरून येतो.

उद्यमनगरातल्या आमच्या गॅरेजला गाडी आली तेव्हा तिच्यावर बराच खर्च होऊन गेला होता. दोन वेगवेगळ्या ठिकाणी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन मशिनवर मोजून बसवण्याचं काम, झालं होतं. ‘टायरचा दोष आहे’ असं कुणीतरी सांगितलं म्हणून पुढचे दोन टायर नवे घातले होते. सर्व्हिसिंगमध्ये पुढचे ब्रेक पॅड बदलले होते. गाडी होती तशीच ओढत होती. सरांनी अलाइनमेंटचे दोन्ही कागद जपून ठेवले होते, आणि या प्रकरणात त्या कागदांचा फार उपयोग झाला.

आधी प्रश्न, मग पाना

‘गाडी ओढते’ या दोन शब्दांत गिऱ्हाईक वेगवेगळ्या गोष्टी सांगत असतं. स्टिअरिंग सोडलं की गाडी एका बाजूला जाते, ही एक. गाडी सरळ जाते पण स्टिअरिंग तिरकं राहतं, ही दुसरी. फक्त ब्रेक मारल्यावर जाते, ही तिसरी. रेस दिली की जाते आणि पाय काढला की सरळ होते, ही चौथी. या चारींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. दुसऱ्या प्रकारात बहुतेक वेळा टाय रॉडची (स्टिअरिंग आणि चाक जोडणाऱ्या दांड्याची) सेटिंग किंवा मागच्या चाकांची दिशा बिघडलेली असते आणि तिथं अलाइनमेंटच लागतं. तिसऱ्यात ब्रेककडे बघायचं. चौथ्यात ड्राइव्ह शाफ्ट, इंजिन माउंटिंग, लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश. हे विचारून न घेता गाडी मशिनवर चढवली, तर मशिन जे दाखवतं तेवढंच दिसतं.

सरांची उत्तरं स्पष्ट होती. पन्नासच्या पुढं जाणवतं. गाडीत एकटा असो की घरची सगळी माणसं, फरक नाही. ब्रेक मारल्यावर वाढत नाही. स्टिअरिंग जवळजवळ मधोमधच असतं, पण तिथं धरून ठेवावं लागतं. म्हणजे पहिला प्रकार, खरा ओढा.

मग विचारलं, “सर, हे कधीपासून सुरू झालं?”

“शाळा सुरू झाली तेव्हापासून. जूनच्या मध्याला.”

“त्याआधी गाडीचं काय काम झालं होतं?”

“मे महिन्यात क्लच प्लेट बदलली. पण ते वेगळं काम झालं. त्याचा याच्याशी काय संबंध?”

क्लच बदलल्यानंतर सुट्टी असल्यानं गाडी गावातच फिरली होती, मंडई, नातेवाईक, तीस-चाळीसच्या वेगानं. ओढा जाणवायला जो वेग लागतो, तो पहिल्यांदा मिळाला शाळा उघडल्यावर. त्यामुळे सरांच्या मनात क्लचचं काम आणि ओढा यांची सांगड बसलीच नाही. त्यात क्लच एका गॅरेजला, अलाइनमेंट दुसरीकडे, टायर तिसरीकडे. प्रत्येकाला गाडीचा एक एक तुकडाच दिसला.

जॉब कार्डावर ‘क्लच, मे’ लिहून त्याखाली रेघ मारली. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या अनेक गाड्यांत गिअरबॉक्स उतरवायचा तर खालची सबफ्रेम, म्हणजे बॉडीला खालून बोल्टनं जोडलेली चौकट, सोडावी किंवा निदान खाली घ्यावी लागते, आणि या गाडीत ती घ्यावी लागतेच. संशय तिथंच गेला होता. पण संशयावर सबफ्रेम सैल करणं मला पटत नाही. स्वस्त आणि साध्या शक्यता एकेक करून बाद केल्याशिवाय महागाच्या कामाला हात घालायचा नाही. गिऱ्हाइकाचे पैसे आधीच अंदाजावर गेलेले असतील, तर हे जास्तच पाळायचं.

रस्ता, हवा, टायर

पहिली शंका रस्त्याची. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्त्याला साधारण दोन ते अडीच टक्के आडवा उतार ठेवलेला असतो. साडेतीन मीटरच्या लेनमध्ये हा फरक सात ते पावणेनऊ सेंटिमीटर होतो. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक रस्त्यांवर प्रत्येक निर्दोष गाडी सोडली तर हळूहळू डावीकडेच जाते. हा दोष नाही. दुभाजक असलेल्या हायवेवर परत फिरून उलट दिशेनं गेलं तरी उतार पुन्हा डावीकडेच असतो, म्हणून ‘जाताना आणि येताना दोन्ही वेळा डावीकडे ओढली’ या निरीक्षणाला फारशी किंमत नाही. त्यासाठी मधोमध उंच असलेला, दुभाजक नसलेला, रिकामा रस्ता लागतो. मग डाव्या अर्ध्या भागात चालवून बघायचं, आणि समोर लांबवर कुणी नाही याची खात्री करून थोडा वेळ उजव्या अर्ध्या भागात.

कोल्हापूर-कागल पट्ट्यात सहापदरीकरणाच्या कामानं जागोजागी रस्ते वळवलेले, त्यामुळे हायवेवर ही चाचणी करण्यात अर्थ नव्हता. रविवारी गोकुळ शिरगाव एमआयडीसीतले आतले रस्ते मोकळे असतात, तिथं गाडी नेली. वेग साठ, हात स्टिअरिंगपासून बोटभर दूर, डोळे रस्त्यावर. डाव्या अर्ध्या भागात गाडी चार-पाच सेकंदांतच साइडपट्टीकडे निघाली. उजव्या अर्ध्या भागात, जिथं उतार उजवीकडे होता, तिथं ती उतार चढून पुन्हा डावीकडेच आली. एवढ्यावर रस्ता निर्दोष ठरला. गाडीतच काहीतरी होतं.

त्याच फेरीत आणखी दोन गोष्टी बघून घेतल्या. क्लच दाबून गाडी नुसती वाहू दिली, ओढा तसाच. म्हणजे इंजिनच्या ताकदीचा संबंध नाही. मोकळ्या जागी सरळ ब्रेक मारला, ओढ्यात वाढ नाही.

हवा सकाळी, टायर थंड असताना तपासली. डावा पुढचा ३१ पीएसआय, उजवा पुढचा ३३. कमी हवेचं चाक जास्त चपटतं, जड फिरतं आणि गाडी त्या बाजूला जाते, त्यामुळे कुणी इथंच थांबलं असतं. दोन पीएसआयनं एवढा ओढा सहसा येत नाही, पण चारही टायर दरवाज्यावरच्या स्टिकरप्रमाणे ३३ केले आणि पुन्हा चालवलं. काही फरक नाही.

टायरबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण टायरमुळे येणारा ओढा खरा असतो आणि अलाइनमेंट मशिनला तो अजिबात दिसत नाही. रेडियल टायरच्या आत स्टीलच्या तारांचे पट्टे असतात. ते बसवताना किंचित एका अंगाला सरकले, तर टायर बाहेरून गोल आणि समसमान दिसतो, पण चालताना निमुळत्या पेल्यासारखा वागतो. असा पेला आडवा करून ढकलला तर तो सरळ न जाता बारक्या बाजूला वळतो. टायर अगदी नवा असला तरी हा दोष असू शकतो. म्हणूनच ‘टायर नवे आहेत, मग टायरचा प्रश्नच नाही’ हे म्हणणं चूक.

तपासायची रीत सोपी आणि फुकट आहे. पुढचे दोन टायर आपसांत बदलायचे, डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. ओढ्याची दिशा बदलली तर दोष टायरचा. ओढा नाहीसा झाला तरी रोख टायरकडेच जातो, मग पुढचे टायर मागे टाकून बघायचं. दिशा तीच राहिली तर टायर सुटला. फक्त टायरच्या कडेला फिरण्याच्या दिशेचा बाण नाही ना, हे आधी बघून घ्यावं, तसे टायर असे बदलता येत नाहीत. सरांच्या टायरवर बाण नव्हता. अदलाबदल केली, गाडी पूर्वीसारखीच डावीकडे. नवे टायर निर्दोष होते आणि बहुधा आधीचेही असावेत. टायर घेण्याआधी कुणी ही अदलाबदल करून दाखवली असती, तर दोन टायरचे पैसे वाचले असते.

ब्रेक, सांधे आणि स्टिअरिंग

ब्रेक न मारताही ब्रेकमुळे गाडी ओढू शकते. कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजून अडकल्या, पिस्टन पूर्ण मागे गेला नाही किंवा रबरी होज आतून सुजला, तर पाय काढल्यावरही एका चाकाचे पॅड डिस्कला घासत राहतात. सुजलेला होज विशेष फसवा. पेडलचा दाब मोठा असतो, तेल आत ढकललं जातं. परत येताना तेवढा जोर नसतो, तेल अडकतं. बाहेरून होज चांगला दिसतो.

एमआयडीसीतून परत येताना शेवटचा टप्पा ब्रेक जवळजवळ न वापरता, गिअर उतरवत गाडी आणली आणि लगेच इन्फ्रारेड थर्मामीटरनं दोन्ही डिस्क मोजल्या. डावी ४७ अंश, उजवी ४५. चिकटलेला ब्रेक असता तर डावी डिस्क कितीतरी जास्त तापलेली दिसली असती, आणि चाकाजवळ जळका वासही आला असता. जॅकवर घेऊन दोन्ही चाकं हातानं फिरवली, सारखीच हलकी. बेअरिंगला आवाज नाही.

लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, स्टॅबिलायझर लिंक हे सगळं पहारीनं हलवून बघितलं. कुठंही प्ले, म्हणजे ढिलेपणा, नव्हता. बासष्ट हजाराच्या मानानं गाडी चांगली राखलेली होती. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंची उंची मोजली. डावी-उजवीत तीन-चार मिलिमीटरचा फरक, म्हणजे स्प्रिंग खचलेली नव्हती.

इलेक्ट्रिक स्टिअरिंगमुळे हल्ली एक नवी शक्यता आली आहे. चालक स्टिअरिंग किती जोरानं फिरवतोय हे मोजणारा सेन्सर असतो. त्याचा शून्य बिंदू सरकला, तर मोटर कुणी न सांगता एका बाजूला जोर लावत राहते. त्यासाठी पुढची चाकं अलाइनमेंटच्या फिरत्या तबकड्यांवर घेतली, इंजिन चालू केलं, स्टिअरिंग मधोमध आणून हात सोडला. ते जागचं हललं नाही. स्कॅनरमध्येही काही चूक नोंदलेली नव्हती. चालत्या गाडीत इंजिन बंद करून किंवा फ्यूज काढून हे बघायच्या भानगडीत कुणी पडू नये. स्टिअरिंग एकदम जड होतं आणि ब्रेकचा आधारही जातो.

आता राहिली होती चाकांची भूमिती.

कागदांवर काय होतं आणि काय नव्हतं

सरांचे दोन्ही कागद टेबलावर पसरले. अलाइनमेंटच्या कागदावर ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन रकाने असतात. मर्यादेत असलेले आकडे हिरवे, बाहेरचे लाल. दोन्ही कागदांच्या ‘नंतर’च्या रकान्यात सगळं हिरवं होतं. गिऱ्हाइकाला हिरवं दाखवलं की त्याचं समाधान होतं, त्यात त्याची काही चूक नाही.

पण पहिल्या कागदावर आधीचा कॅम्बर (चाकाचा समोरून दिसणारा झुकाव) आणि नंतरचा कॅम्बर अगदी तोच होता. बदललं होतं फक्त पुढचं टो, म्हणजे वरून बघताना चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते. ते तसंच असणार, कारण या गाडीत पुढे कंपनीनं दिलेली सेटिंग फक्त टोची आहे. कॅम्बर आणि कास्टरला (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागचा कल) फिरवायला स्क्रूच नाही. आणि गंमत नाही, हा खरा मुद्दा आहे: पुढच्या टोमुळे गाडी एका बाजूला ओढत नाही. चालताना दोन्ही चाकं टो आपसांत वाटून घेतात. टो चुकलं तर टायर झिजतात, स्टिअरिंग तिरकं बसतं, गाडी चंचल होते. पण सरळ, एकसारखा ओढा टोनं येत नाही, म्हणून टो दुरुस्त करून तो जातही नाही. या गाडीचं अलाइनमेंट पुन्हा कितीही वेळा केलं असतं तरी हेच झालं असतं.

दुसऱ्या कागदावर कास्टरचा रकाना रिकामा होता. कास्टर मोजायला चाकं ठरलेल्या अंशांत डावीकडे-उजवीकडे फिरवावी लागतात, त्याला चार-पाच मिनिटं जास्त लागतात. गर्दीच्या वेळी ते वगळतात.

आम्ही गाडी मशिनवर घेतली, ब्रेक पेडल टेकूनं दाबून ठेवलं, कास्टरसाठी चाकं फिरवली आणि एरवी कुणी छापत नाही तो एसएआयही (स्टिअरिंग ॲक्सिस इन्क्लिनेशन, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा आतला कल) घेतला. आकडे असे आले (° म्हणजे अंश, ′ म्हणजे मिनिट, साठ मिनिटांचा एक अंश):

कॅम्बर: डावा +०°२२′, उजवा −०°४०′
कास्टर: डावा २°४०′, उजवा ३°२०′
एसएआय: डावा १२°०५′, उजवा १३°०५′
मागची चाकं: दोन्ही टो मर्यादेत, मागचा रोख जवळजवळ सरळ

या गाडीला कॅम्बर −०°५५′ ते +०°३५′ चालतो. म्हणजे डावाही हिरवा, उजवाही हिरवा. कास्टर २°१५′ ते ३°४५′ चालतो, तिथंही दोन्ही हिरवे. पण गाडी एका चाकावर चालत नाही. कॅम्बर म्हणजे समोरून बघताना चाकाचा वरचा भाग बाहेर झुकलाय की आत. बाहेर झुकलेलं चाक आपल्या बाजूला वळायला बघतं. दोन्ही चाकं सारखी झुकलेली असली तर त्यांचा जोर एकमेकांना खोडतो. इथं दोघांत १°०२′ चा फरक होता. हा फरक अर्ध्या अंशाच्या आत असायला हवा. गाडी ज्या बाजूचा कॅम्बर जास्त धन, त्या बाजूला ओढते: डावीकडे.

कास्टर म्हणजे बाजूनं बघताना स्टिअरिंगचा अक्ष मागे किती कललाय. तो चाकाला सरळ ठेवतो. ज्या बाजूचा कास्टर कमी, त्या बाजूला गाडी जाते. इथं तोही डावीकडेच कमी होता. रस्त्याचा उतार लक्षात घेऊन काही उत्पादक मुद्दाम दोन्हीकडे थोडा फरक ठेवतात, पण आपल्याकडे तसं करायचं तर डावीकडे कास्टर जास्त हवा. या गाडीत नेमकं उलट. कॅम्बर, कास्टर आणि रस्त्याचा उतार, तिघेही एकाच दिशेला खेचत होते.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो एसएआय. स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगपासून खालच्या बॉल जॉइंटपर्यंत एक रेघ ओढली, तर समोरून बघताना ती आत किती झुकली आहे, तो कोन. डावीकडे तो कमी, उजवीकडे बरोबर एक अंशानं जास्त. आता प्रत्येक बाजूचा एसएआय आणि कॅम्बर यांची बेरीज करा. डावीकडे १२°०५′ अधिक ०°२२′ म्हणजे १२°२७′. उजवीकडे १३°०५′ वजा ०°४०′ म्हणजे १२°२५′. दोन मिनिटांचा फरक, तो मोजण्यातलाच.

स्ट्रट किंवा नकल (चाकाचं बेअरिंग धरणारा तुकडा) वाकलेला असता तर त्या बाजूची बेरीज बिघडली असती, कारण चाक आणि अक्ष यांच्यातलं नातं तिथं ठरतं. बेरीज दोन्हीकडे सारखी आहे, म्हणजे चाक, नकल, स्ट्रट ही जोडणी शाबूत. जे हललंय ते या जोडणीचं खालचं किंवा वरचं टोक. एकच बाजू बिघडली असती तर वाकलेला लोअर आर्म किंवा सरकलेलं स्ट्रटचं वरचं टोक शोधलं असतं. पण इथं दोन्ही बाजू बिघडल्या होत्या, जवळजवळ सारख्याच मापानं, आणि एकमेकींच्या उलट. डावं खालचं टोक आत आलेलं, उजवं खालचं टोक बाहेर गेलेलं. दोन्ही लोअर आर्म ज्या एका वस्तूला जोडलेले असतात तीच उजवीकडे सरकली असेल, तरच हे जमतं. ती वस्तू म्हणजे सबफ्रेम. आणि डावीकडचा कास्टर कमी, उजवीकडचा जास्त, याचा अर्थ ती नुसती सरकलेली नाही, किंचित फिरूनही बसली आहे.

खाली काय दिसलं

गाडी लिफ्टवर घेतली. सबफ्रेमचे बोल्ट धुळीनं आणि तेलानं माखलेले होते. डाव्या मागच्या बोल्टभोवतीची जागा कापडानं पुसून टॉर्च मारला. बोल्टच्या डोक्याच्या उजव्या अंगाला धातूची एक कमानदार पट्टी दिसली, आजूबाजूपेक्षा स्वच्छ, गंज नसलेली, चार-एक मिलिमीटर रुंद. कारखान्यात बसवल्यापासून मे महिन्यापर्यंत बोल्टच्या कॉलरखाली झाकलेली जागा आता उघडी पडली होती. उरलेल्या बोल्टांजवळही तशीच पट्टी, सगळीकडे उजव्या अंगाला, पुढच्या बोल्टांना थोडी वेगळ्या कोनात. बॉडीतली बोल्टची जागा हलत नाही. हलली होती सबफ्रेम.

सबफ्रेमची भोकं बोल्टापेक्षा मोठी असतात. कारखान्यात जोडणी सोपी व्हावी म्हणून तेवढी जागा ठेवावीच लागते. पण फ्रेम नेमकी जागेवर बसावी म्हणून सबफ्रेमला आणि बॉडीला एकासमोर एक येणारी मार्गदर्शक भोकं दिलेली असतात. त्यांतून सरळ सळई घालून, मग बोल्ट आवळायचे. या गाडीतही ती भोकं होती. सळई लावून बघितली, डावीकडे अडली, उजवीकडेही अडली. क्लच बसवताना सबफ्रेम जॅकवर उचलून, बोल्ट लागले तसे आवळून टाकले असणार. बोल्ट घट्ट होते, काही खडखडत नव्हतं, क्लच छान चालत होता. काम करणाऱ्याला सगळं ठीकच वाटलं असेल.

खालच्या टोकाला चार-पाच मिलिमीटर म्हणजे डोळ्याला काहीच नाही. पण स्ट्रटच्या वरच्या टोकापासून बॉल जॉइंटपर्यंतची लांबी धरली, तर तेवढ्यानं अर्धा अंश कॅम्बर एका बाजूला वाढतो आणि दुसऱ्या बाजूला तेवढाच कमी होतो. मशिनवरचा एक अंशाचा फरक तिथूनच आला होता.

काय केलं, काय केलं नाही

सरांना एका ठिकाणी असं सुचवलं होतं, की स्ट्रटचं खालचं भोक रेतून मोठं करू आणि कॅम्बर बसवून देऊ. आपल्याकडे हे सर्रास होतं, काही ठिकाणी हायड्रॉलिक जॅक लावून स्ट्रटच वाकवतात. ओढा त्यानं कमी होऊ शकतो आणि कागद तर नक्कीच सुधारतो. मी हे करत नाही आणि कुणी करू नये असं मला मनापासून वाटतं. चाक सरळ होतं, पण स्टिअरिंगचा अक्ष वाकडाच राहतो. दोन्ही एसएआय असमान राहिले, की ब्रेक मारताना आणि खड्ड्यातून जाताना गाडी दोन बाजूंना वेगळी वागते. शिवाय खरा दोष खाली तसाच, आणि त्यावर एक नवा दोष. पुढं कुणी सबफ्रेम नीट बसवली, तर रेतलेल्या स्ट्रटमुळे गाडी उलटी ओढायला लागेल आणि त्या माणसाला काही केल्या उमगणार नाही.

आम्ही सबफ्रेम पूर्ण उतरवली नाही. खालून रुंद लाकडी ठोकळ्यावर जॅकचा आधार दिला. इंजिनला मागून धरणारं माउंटिंग सबफ्रेमला जोडलेलं असतं, ते आधी सैल केलं, नाहीतर ते सबफ्रेमला परत ओढून धरतं. मग सबफ्रेमचे बोल्ट थोडे थोडे सैल केले, फ्रेम जेमतेम सरकेल एवढेच. उजवीकडून पहारीनं हळूहळू रेटत आणलं. डावीकडची सळई आधी गेली, उजवीकडची जायला फ्रेम थोडी फिरवावी लागली. दोन्ही सळया मोकळ्या आत-बाहेर व्हायला लागल्यावर, त्या आत ठेवूनच एकेक करून बोल्ट नवे घातले आणि कंपनीनं दिलेल्या टॉर्कवर आवळले. हे बोल्ट पुन्हा वापरू नयेत असं या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आहे. मागचं माउंटिंग सगळ्यात शेवटी. स्टिअरिंगची रॅक याच फ्रेमवर बसते, म्हणून कॉलमचा सांधा ताणलेला नाही हेही तपासून घेतलं.

गाडी खाली घेऊन मागे-पुढे ढकलली, दाबून सस्पेन्शन बसू दिलं आणि पुन्हा मशिनवर:

कॅम्बर: डावा −०°०६′, उजवा −०°१४′
कास्टर: डावा २°५८′, उजवा ३°०६′
एसएआय: डावा १२°३२′, उजवा १२°३९′

बेरजा पुन्हा जवळजवळ सारख्याच. एवढं झाल्यावर टो सेट केलं, कारण आता ते सेट करण्यात अर्थ होता. स्टिअरिंग अँगल सेन्सरचा शून्य स्कॅनरनं पुन्हा ठरवून घेतला.

गोकुळ शिरगावच्या त्याच रस्त्यावर, या वेळी सर स्वतः चालवत होते. उजव्या अर्ध्या भागात गाडी अगदी सावकाश उजवीकडे गेली, डाव्या भागात तितक्याच सावकाश डावीकडे. मधोमध सोडली तर बराच वेळ सरळ. डाव्या भागातला तो हळू कल रस्त्याच्या उताराचा आहे आणि तो घालवायचा प्रयत्न करायचा नाही, हे सरांना तिथंच चालवून दाखवलं. नाहीतर महिन्याभरानं कुणीतरी पुन्हा ‘थोडं डावीकडे जातेय’ म्हणून टो फिरवून द्यायचं.

नव्या बोल्टांच्या डोक्यांवरून सबफ्रेमवर येतील अशा पिवळ्या रंगाच्या रेघा मारून ठेवल्या. पुढच्या वेळी गिअरबॉक्स उतरवणाऱ्याला फ्रेम कुठं होती ते कळावं म्हणून. सरांच्या फाइलमध्ये कागदावर एसएआयसह सगळे आकडे दिले आहेत, आणि जुने दोन कागदही त्यांना तसेच ठेवायला सांगितले आहेत. दिवाळीनंतर गाडी टायर फिरवायला आली तेव्हा कोन पुन्हा मोजले, काही मिनिटं इकडंतिकडं, बाकी तेच. पुढच्या दोन्ही टायरची झीज आतून-बाहेरून सारखी होती. खांद्याचं विचारलं, तर सर म्हणाले की तो विषय आता घरातही निघत नाही.